अध्यक्षताई गावात नसतात तेव्हा



रोवणी आटोपली. बांधीत पाणी उभं आहे, कंबर अजून दुखते आहे, आणि महिनाभर बंद पडलेल्या गटाच्या बैठका पुन्हा सुरू झाल्या आहेत. म्हणून आज आम्ही गटाबद्दलच बोलणार आहोत. बचत किती, व्याज किती, यावर आपण पुष्कळ वेळा बोललो. आज बोलायचं आहे पुढारपणावर. गट चालवणारी बाई गट कोणत्या रीतीने चालवते, आणि त्या रीतीचा बाकीच्या बायांवर काय परिणाम होतो, यावर.

दुसऱ्या कोणाचं उदाहरण घेण्याआधी आमचंच सांगतो. आपलं झाकून दुसऱ्याचं वाकून पाहणं बरं नव्हे.

आमच्यातल्या काही जणी ज्या गटात आहेत, त्या गटात अकरा बाया. गट जुना. आमच्या अध्यक्षताई मोठ्या खमक्या. बँकेत जायचं तर त्या, ठराव लिहायचा तर त्या, पंचायत समितीत साहेबांपुढे बोलायचं तरी त्याच. पासबुक, चेकबुक, शिक्का, हिशेबाची वही, सगळं त्यांच्या घरच्या पेटीत. कोणाला किती कर्ज द्यायचं तेही त्याच सांगायच्या आणि आम्ही माना डोलवायच्या. सचिव होती, कोषाध्यक्ष होती, पण दोघी सहीपुरत्या. हिशेबात मात्र एका रुपयाचा घोळ नाही. ताईंनी गटाचा पैसा कधी स्वतःच्या कामाला वापरला नाही. हे आधीच सांगून ठेवतो, कारण पुढची गोष्ट लबाडीची नाही.

एका वर्षी जून संपता संपता ताईंच्या लेकीचं पहिलं बाळंतपण आलं. ताई नागपूरला गेल्या. महिन्याचं सांगून गेल्या, पण बाळ अशक्त होतं म्हणून दीड महिना राहिल्या. त्यात त्यांची काय चूक? लेकीपेक्षा गट मोठा नाही.

इकडे पाऊस लागला. पऱ्हे रोवणीला आले. रोवणीच्या मजुरीला रोख पैसे लागतात, आणि पऱ्हे काही कोणासाठी थांबत नाहीत. गटातल्या चौघींना कर्ज हवं होतं. खात्यात पैसे होते. पण चेकबुक पेटीत, आणि पेटीची किल्ली ताईंच्या कमरेला, नागपूरला. फोन केला, तर ताई म्हणाल्या, "मी आल्यावर बघू." आम्हीही "बरं" म्हणालो. तिघी पदाधिकाऱ्यांपैकी कोणत्याही दोघींच्या सह्यांनी आमच्या खात्यातून पैसे काढता येतात, हे आम्हांला तेव्हा माहीतच नव्हतं. इतकी वर्षं गटात बसून माहीत नव्हतं.

चौघींपैकी तिघींनी इकडून तिकडून भागवलं. चौथीने सावकाराकडून शेकडा दहाने पैसे उचलले. शंभराला महिन्याला दहा रुपये. धान विकून झाल्यावर तिच्या हातात काय उरलं असेल, ते तुम्हीच जोडून पाहा. दिवाळीनंतर तिने गट सोडला. जाताना एकच वाक्य बोलली, "गट अडीनडीला असतो म्हणता. माझी अड आली तेव्हा गटाची किल्ली नागपूरला होती."

ते वाक्य आम्हांला फार लागलं. नंतर आम्ही बसून पुष्कळ विचार केला. ताई प्रामाणिक, मेहनती, हुशार. मग गट दीड महिन्यात लुळा का पडला?

पोरांच्या मंडळांचा प्रयोग

या प्रश्नावर फार पूर्वी, फार दूर एक प्रयोग झाला आहे. कुर्ट लेविन नावाचे एक मानसशास्त्रज्ञ होते. ते जर्मनीतले, ज्यू समाजाचे. १९३३ साली हिटलरच्या हाती सत्ता आली तेव्हा त्यांना देश सोडून अमेरिकेत जावं लागलं. एकाच माणसाच्या हुकमावर अख्खा देश चालायला लागला की काय होतं, हे त्यांनी जवळून पाहिलं होतं. अमेरिकेतल्या आयोवा विद्यापीठात त्यांनी आपल्या सहकाऱ्यांबरोबर दहा-दहा वर्षांच्या मुलांची लहान लहान मंडळं केली. मुलांनी शाळा सुटल्यावर जमायचं, मुखवटे करायचे, असली हाताची कामं करायची. प्रत्येक मंडळाला एक मोठा माणूस पुढारी म्हणून दिला. पुढारपणाच्या रीती मात्र तीन. या प्रयोगाचा अहवाल १९३९ साली छापून आला.

पहिल्या रीतीत पुढारी सगळं स्वतः ठरवायचा. कोणी काय करायचं, कोणाबरोबर करायचं, सगळा हुकूम. पुढची पायरी काय, तेही आधी सांगायचा नाही. या रीतीला आपण एकहाती म्हणू.

दुसऱ्या रीतीत पुढारी मुलांबरोबर बसून ठरवायचा. काम कुठून सुरू होऊन कुठवर जाणार हे आधी सांगायचा, दोन-तीन वाटा दाखवायचा, निवड मुलांची. ही मिळून चालण्याची रीत.

तिसऱ्या रीतीत पुढारी नुसता बसून राहायचा. विचारलं तर सांगायचा, नाहीतर तुमचं तुम्ही बघा. ही मोकाट रीत.

मोकाट मंडळात काम सगळ्यांत कमी झालं आणि तेही धड नाही. एकहाती मंडळात काम भरपूर झालं. हे लक्षात ठेवा, एकहाती कारभारात काम होतं, म्हणूनच तो आपल्याला बरा वाटतो. पण त्या मंडळांतली मुलं एक तर मुकाट, मलूल झाली, नाहीतर आपसांत भांडायला लागली. पुढाऱ्यावर काढता न येणारा राग एखाद्या गरीब पोरावर निघायचा. मिळून चालणाऱ्या मंडळात काम थोडं सावकाश झालं, पण मुलं त्यात रमली.

आता खरी गंमत ऐका. प्रयोग करणारे मधेच पुढाऱ्याला खोलीबाहेर पाठवायचे आणि मागे काय होतं ते पाहायचे. एकहाती मंडळाचा पुढारी बाहेर गेला की काम पडायचं. मिळून चालणाऱ्या मंडळाचा पुढारी बाहेर गेला तरी मुलं जवळजवळ तशीच काम करत राहायची. काम पुढाऱ्याचं नव्हतं, त्यांचं स्वतःचं होतं.

आमच्या ताई नागपूरला गेल्या म्हणजे पुढारी खोलीबाहेर गेला. आमचं मंडळ कोणत्या प्रकारचं होतं, ते दीड महिन्यात कळलं.

एकहाती पुढारपण एका हाताने होत नाही

पण सगळा दोष ताईंवर टाकून आम्ही मोकळ्या झालो, तर ते खोटं होईल. टाळी एका हाताने वाजत नाही. ताई सगळं करत होत्या, कारण आम्ही करू देत होतो. बँकेत दिवस मोडतो, तर ताईच जातील. साहेबांपुढे बोलायला जीभ वळत नाही, तर ताईच बोलतील. हिशेब कळत नाही, तर ताईच लिहितील. "ताई आहेत ना" हे म्हणणं आम्हांला सोयीचं होतं. दर वर्षी पद बदलायचा विषय निघायचा, आणि दर वर्षी आम्हीच म्हणायचो, "तुम्हीच राहा, तुमच्याशिवाय कोण?"

त्यात ताईही दमत होत्या. लेकीच्या उशाशी बसून त्यांना गटाचे फोन घ्यावे लागले. आल्यावर त्या म्हणाल्या, "इतकी वर्षं तुमच्यासाठी झिजले, आणि दीड महिना नव्हते तर तुम्ही मलाच बोल लावता." त्यांचंही खरं होतं. एकहाती कारभारात पुढारी एकटी पडते आणि बाकीच्या आंधळ्या होतात. नुकसान दोघींचंही होतं.

मेंढ्याची रीत

मग मिळून चालायचं म्हणजे कसं चालायचं? हे शिकायला आपल्याला अमेरिकेला जायला नको. गडचिरोलीहून धानोऱ्याच्या वाटेने सुमारे तीस किलोमीटर गेलं की मेंढा (लेखा) लागतं. शंभराच्या आसपास घरांचं गोंड आदिवासींचं गाव. "दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार" ही घोषणा याच गावाने सगळ्या देशाला ऐकवली.

मेंढ्याचे देवाजी तोफा आणि त्यांच्याबरोबर काम केलेले 'वृक्षमित्र' संस्थेचे मोहन हिराबाई हिरालाल, ही नावं तुम्ही ऐकली असतील. पण मेंढ्याची खरी ताकद एखाद्या नावात नाही, बसण्याच्या रीतीत आहे. तिथे ग्रामसभेत निर्णय बहुमताने होत नाही, सर्वसहमतीने होतो. हात वर करून मोजणी नाही. एखाद्याला पटलं नाही तर त्याचं म्हणणं ऐकायचं, पुन्हा बसायचं, आणि सगळ्यांना पटेपर्यंत निर्णय पुढे ढकलायचा. बायाही ग्रामसभेत बसतात आणि बोलतात.

याला जोड आहे अभ्यास गटाची. एखादा विषय आला, उदाहरणार्थ जंगलाचा कायदा, तर ज्यांना रस आहे ते आधी बसून तो समजून घेतात. गरज पडली तर बाहेरच्या जाणकाराला बोलावतात. अभ्यास गट निर्णय घेत नाही. निर्णय घ्यायचा ग्रामसभेनेच. म्हणजे माहिती एकाच्या डोक्यात राहत नाही, आणि ज्याच्याकडे माहिती आहे तो तिच्या जोरावर दुसऱ्यांना गप्पही करू शकत नाही.

ही रीत वेळखाऊ आहे. पण तिचं फळ पाहा. २००६ साली वनहक्क कायदा झाला. २००९ साली मेंढ्याला सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळाला, देशात अगदी सुरुवातीला मिळालेल्या गावांपैकी हे एक. तरी बांबू विकायला लागणारा वाहतूक परवाना ग्रामसभेच्या हाती नव्हता. त्यासाठी गाव अडून बसलं, आणि एप्रिल २०११ मध्ये त्या वेळचे केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी गावात येऊन परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. इतकी वर्षं नेटाने टिकायला अख्खं गाव लागतं. एका माणसाला फोडता येतं, घाबरवता येतं, लालूच दाखवता येते. ज्या गावात प्रत्येकाला माहीत आहे की आपण काय मागतो आणि का मागतो, त्या गावातल्या कोणाकोणाला फोडणार?

आता चंद्रपूर जिल्ह्यात या. गोंडपिपरी तालुक्यातलं पाचगाव. या गावाला २०१२ साली सुमारे हजार हेक्टर जंगलाचा सामूहिक हक्क मिळाला. मग गावाने बसून जंगलाचे नियम केले. त्यातला एक निर्णय असा, की तेंदूपत्ता तोडायचा नाही. तेंदूसाठी झाडं छाटली जातात, आगी लावल्या जातात आणि जंगलाचं नुकसान होतं, म्हणून त्या पैशावर पाणी सोडायचं आणि बांबूवर भर द्यायचा.

मैत्रिणींनो, उन्हाळ्यात तेंदूचा पैसा म्हणजे काय, हे आपल्याइतकं कोणाला ठाऊक? पोरांची वह्यापुस्तकं, बियाणं, लग्नातला आहेर, सगळं त्यावर. असा निर्णय एखाद्या पुढाऱ्याने वरून लादला असता, तर पहाटे चार बाया कोणाच्या नजरेला न पडता पानं तोडून आल्या असत्या. आपण स्वतः बोलून, भांडून, पटवून घेतलेला नियम मोडायला मन धजत नाही. दुसऱ्याचा नियम मोडायला काही वाटत नाही.

गटाला सहमती का हवी

कोणी म्हणेल, गावाचं ठीक आहे, आमचा दहा बायांचा गट, त्याला कशाला एवढा खटाटोप? सहा जणी एका बाजूला झाल्या की झालं.

नाही होत. समजा, गटाने बँकेचं कर्ज घेऊन एखादा धंदा करायचं ठरवलं. सहा जणी हो म्हणाल्या, चौघी मनातून नाही म्हणाल्या. मतं मोजली आणि कर्ज घेतलं. धंदा बुडाला. आता हप्ता कोण भरणार? कर्ज गटाच्या नावावर आहे, बँक दहाही जणींकडे बघणार. ज्या चौघींना पटलंच नव्हतं त्या म्हणणार, "आम्ही तेव्हाच सांगत होतो," आणि हात आखडता घेणार. गट फुटतो तो इथे. जिथे ओझं सगळ्यांनी मिळून उचलायचं, तिथे हो सगळ्यांचं हवं.

पण एक सावधगिरी. सगळ्या गप्प आहेत म्हणजे सगळ्यांना मान्य आहे, असं नव्हे. आमच्या जुन्या बैठकांत ठराव "सर्वानुमते" मंजूर व्हायचे. वहीत तसंच लिहिलेलं आहे. खरं तर ताई बोलायच्या आणि आम्ही घड्याळाकडे बघायचो. सर्वानुमत आणि सर्वांचं मौन यांत फार अंतर आहे. खरी सहमती हवी तर पुढारणीने आपलं मत सगळ्यांत शेवटी सांगावं. तिने आधी सांगितलं की बाकीच्या तेच म्हणतात. आणि जी कधीच बोलत नाही, तिला नाव घेऊन विचारावं, "तुला काय वाटतं ग, रोवणीच्या दिवसात हा हप्ता तुला झेपेल का?"

वनहक्काच्या नियमांतही हाच विचार आहे. ग्रामसभेत गावातले निदान निम्मे लोक हवेत, आणि आलेल्यांत निदान एक तृतीयांश बाया हव्यात, असा नियम आहे. त्याशिवाय कोरम होत नाही. पण नियमाने बाई सतरंजीवर बसते. तिला बोलतं करणं हे पुढारपणाचं काम आहे.

शिकवून सोपवणे

मिळून ठरवणं ही अर्धी गोष्ट झाली. दुसरी अर्धी आहे शिकवून सोपवणं. नुसतं "आजपासून बँकेचं काम तू कर" म्हटलं, तर ते सोपवणं नाही, ढकलणं आहे. तीच मोकाट रीत.

सोपवणं कसं असतं ते आपल्याच जिल्ह्यात पाहा. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने १९९५ च्या सुमारास गडचिरोलीतल्या ३९ गावांत एक काम सुरू केलं. गावातल्याच, थोडंफार शिकलेल्या बायांना त्यांनी नवजात बाळाची काळजी शिकवली. बाळाचं वजन करणं, त्याला ऊब देणं, श्वास मोजणं, धोक्याची खूण ओळखणं, आणि जंतुदोष झालेल्या बाळावर उपचार करणं. जे काम फक्त डॉक्टरचं मानलं जायचं, ते गावातल्या बाईच्या हाती दिलं. पण आधी नीट शिकवलं, मग नोंदी ठेवायला लावल्या, आणि त्या नोंदी वरचेवर तपासल्या. १९९९ साली 'लॅन्सेट' या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात त्याचे निष्कर्ष छापून आले. तिसऱ्या वर्षापर्यंत त्या गावांतले नवजात बाळांचे मृत्यू सुमारे ६२ टक्क्यांनी कमी झाले होते.

यातून पुढारणीने काय घ्यायचं? डॉक्टर रात्री दोन वाजता प्रत्येक झोपडीत असू शकत नाही. तसंच अध्यक्ष प्रत्येक अडचणीला हजर असू शकत नाही. आपल्याला येतं ते दुसरीला शिकवून ठेवलं, तर आपण नसलो तरी काम होतं. काम सोपवायचं तर तीन गोष्टी बरोबर द्याव्या लागतात: शिकवण, अधिकार, आणि अधूनमधून प्रेमाने पाहणी. यातली एकही कमी पडली की काम बिघडतं, आणि मग आपण म्हणतो, "बघा, दुसरीला जमत नाही."

हुकूम केव्हा हवा

इतकं ऐकून कोणाला वाटेल की हुकूम देणं वाईटच. तसं नाही.

उन्हाळ्यात वणवा गावाकडे सरकतो आहे. तिथे सतरंजी टाकून सहमती करत बसलो तर गाव जळेल. कोणाला साप चावला, कोणा बाळंतिणीला अंगावरून जास्त जायला लागलं, तर "तू १०८ ला फोन लाव, तू मुलं सांभाळ, तू माझ्याबरोबर चल," असं ठणकावून सांगणारी बाई हवी. ब्रह्मपुरी, सिंदेवाही, मूल या भागांतल्या बायांना वाघाचं वेगळं सांगायला नको. पहाटे मोहफुलं वेचायला टोळीने जायचं, वाकून एकटीने पुढे सरकायचं नाही, आणि पुढे चालणारीने "परत फिरा" म्हटलं की का, कशाला, न विचारता फिरायचं.

पण इथे दोन गोष्टी ध्यानात घ्या. एक, अशा वेळी हुकूम देणारी बाई अध्यक्षच असली पाहिजे असं नाही. जंगल जिला कळतं तिने जंगलात पुढे व्हावं. बाळंतपण जिला कळतं तिने तिथे पुढे व्हावं. दोन, तो हुकूम मानायचा, हे आपण आधी निवांतपणे, मिळून ठरवलेलं असावं. आणि संकट टळलं की हुकूमही संपला. आग विझली तरी जिचा हुकूम विझत नाही, तिथे गाडी पुन्हा एकहाती रस्त्याला लागते.

मोकाट रीतही कधी कधी शोभते. ज्या बाया पापड-लोणच्यात मुरलेल्या आहेत, त्यांच्या डोक्यावर उभं राहून मीठ किती घाला हे सांगायला जाऊ नये. ज्याला येतं त्याला करू द्यावं. थोडक्यात, रीत एकच एक धरून बसायची नसते. वेळ कोणती, काम कोणतं आणि समोरच्या बाया किती तयार, हे पाहून रीत बदलते ती खरी पुढारीण.

आम्ही काय बदललं

आता आमच्या गटाचं पुढे काय झालं ते सांगतो.

सगळं एका बैठकीत बदललं नाही. पहिल्या दोन बैठका तर रुसव्याफुगव्यात गेल्या. मग ताईंनीच पेटी उघडून सतरंजीवर मांडली. पासबुक एकीकडे, चेकबुक दुसरीकडे, वही तिसरीकडे दिली. बँकेत जायची पाळी लावली, दर वेळी एक माहीतगार आणि एक नवी. पहिल्यांदा नवी बाई खिडकीपाशी घामाघूम झाली. दुसऱ्यांदा तिने स्वतः स्लिप भरली. जिला लिहिता येत नाही ती हिशेब तोंडी सांगते आणि लिहिणारी मोठ्याने वाचून दाखवते, म्हणजे हिशेब सगळ्यांच्या कानावरून जातो. रोवणी आणि आजारपण या दोन कारणांसाठी कोणाला, किती, किती दिवसांत कर्ज द्यायचं, याचा नियम आम्ही मे महिन्यातच करून ठेवतो. त्यासाठी कोणाच्या "मी आल्यावर बघू"ची वाट बघावी लागत नाही.

दोन वर्षांनी अध्यक्ष बदलली. नवीन अध्यक्ष सुरुवातीला चुकली, एकदा हप्त्याची तारीख विसरली आणि दंड बसला. तेव्हा कोणीतरी म्हणालंच, "ताई होत्या तेव्हा असं नव्हतं." ताई तिथेच बसल्या होत्या. त्या म्हणाल्या, "मी पण पहिल्या वर्षी विसरले होते. तेव्हा तुम्हांला माहीत नव्हतं, एवढंच." सगळ्या हसल्या. आमच्या मते ताईंच्या पुढारपणातला तो सगळ्यांत मोठा दिवस.

जी गट सोडून गेली होती, ती अजून परत आलेली नाही. आम्ही दोनदा तिच्या दारी जाऊन आलो. तिचा राग खोटा नाही, म्हणून घाई करत नाही. जागा ठेवली आहे.

या वेळचं काम

ऐकून सोडून देऊ नका. पुढच्या बैठकीत हे पाच प्रश्न मोठ्याने वाचा आणि प्रत्येकीला उत्तर द्यायला लावा.

१. आज खात्यात किती पैसे आहेत, हे अध्यक्ष, सचिव आणि कोषाध्यक्ष सोडून कोणाला सांगता येईल?

२. चेकबुक आणि शिक्का कोणाकडे आहे? ती गावात नसेल तर काय करायचं?

३. मागच्या तीन बैठकांत एक शब्दही न बोललेली बाई कोण?

४. आपल्या गटात शेवटचं "मला पटत नाही" कोण म्हणालं, आणि तिचं पुढे काय झालं?

५. अध्यक्षताईंना येतं आणि बाकी कोणालाच येत नाही, असं कोणतं काम आहे?

आणि एक बैठक अशी घ्या, की अध्यक्षताई येतील, पण मागे बसतील. बोलायचं नाही, खुणावायचं नाही, वही हातात घ्यायची नाही. त्या लेविन साहेबांनी पुढाऱ्याला खोलीबाहेर पाठवलं होतं, आपण मागच्या ओळीत बसवू. बैठक अडखळली तर नाराज होऊ नका. कुठे अडखळली ते लिहून ठेवा, शिकायचं आहे ते तिथेच.

आणि अध्यक्षतायांनो, तुम्हांला खास सांगणं. त्या दिवशी तुमच्यावाचून बैठक नीट पार पडली, तर मनाला थोडं लागेल. आपली गरज उरली नाही असं वाटेल. तसं वाटून घेऊ नका. लेक स्वतःच्या पायावर चालायला लागली म्हणून आईचं आईपण कमी होत नाही.

तुमच्या गटात काय झालं ते आम्हांला कळवा. आमची चूक आम्ही सांगितली, तुमची तुम्ही सांगा. त्यातूनच एकमेकींना शहाणपण येईल.

भेटू पुढच्या वेळी. तोवर पेटीची किल्ली कोणाकडे आहे, एवढं मात्र विचारून ठेवा.